बंबामागचा पत्रा

दादा, मला तुझं सुतक तीनच दिवसांचं. लग्न होऊन दुसऱ्या घरी गेलेली बहीण भावाच्या सुतकातून तीन दिवसांत मोकळी होते, असं भटजी म्हणाले. मोकळी! डोंबलाची मोकळी. आज सोळावा दिवस, आणि मी या फणसवाडीतल्या दोन खोल्यांत भांडी घासताना, तांदूळ निवडताना, दूध उतू जात असताना नुसती बघत बसून तुझ्याशी भांडते आहे. भांडायची सवय तूच लावलीस. आता समोरून उत्तर येत नाही तर मी काय करू, सांग.

तुझ्याबद्दल चार शब्द लिहून द्या, असं गावच्या मंडळातले लोक येऊन सांगून गेले. शोकसभेत वाचायचे आहेत म्हणे. जन्म कुठला, गिरणी कुठली, बॉयलरवर किती वर्षं होतास, हे सगळं त्यांच्याकडे आहे, ते त्यांनी खुशाल वाचावं. मला जे लिहायचंय ते सभेत वाचण्यासारखं नाही. ते फक्त तुला सांगण्यासारखं आहे, आणि ते सांगायला मी चार वर्षं उशीर केलाय.

गोष्ट पत्र्याची आहे. तू माझ्या बंबामागे उभा केलास त्या पत्र्याची. तू म्हणालास त्यानं कोळसा वाचतो, मी म्हटलं काही वाचत नाही. आपण पैज लावली, मी जिंकले, आणि तू माझ्या घरातून निघून गेलास. लोकांना एवढंच ठाऊक आहे. ह्यांनासुद्धा एवढंच ठाऊक आहे.

आधी एक सांगते, मग भांडते. मला आठ वर्षांची असताना तू बोटीनं मुंबईला घेऊन आलास ना, तेव्हाचं. आई गेली होती, काकीकडे मला ठेवायला तुझा जीव होत नव्हता. डेकवर वारा असा की दात वाजत होते. घोंगडी एकच, ती तू मला दिलीस आणि वाऱ्याकडे पाठ करून, माझ्याकडे तोंड करून रात्रभर बसलास. मी मधेच जागी होऊन विचारलं, "दादा, तुका थंडी नाय लागणा?" तू म्हणालास, "माका कित्याक लागतली? मी गिरणीत आगीपुढे असतंय. माझ्या आंगात ती साठून असा." मला ते खरं वाटलं. कितीतरी वर्षं मला वाटायचं की माझ्या भावाच्या अंगात आग साठवलेली आहे.

मग तूच माझं लग्न लावून दिलंस गिरगावात, कारकुनाच्या घरी. इथे आल्यावर सासूबाईंनी पहिल्या आठवड्यातच माझं "माका-तुका" बंद केलं. हसायच्या त्या, शेजारणींना बोलावून माझ्याकडून बोलवून घ्यायच्या आणि हसायच्या. मी ती भाषा जिभेवरून पुसूनच टाकली. सासूबाई गेल्या, तरी परत आली नाही. तू मालवणीत बोलायचास आणि मी तुला पुस्तकातलं उत्तर द्यायचे. तुला लागत असेल का रे ते? तू कधी बोलला नाहीस. न बोलायची ही आपल्या घराण्याची खोडच आहे.

तुझे डोळे गेले ते त्या आगीनंच. बॉयलरचं तोंड उघडायचं, आत बघायचं, कोळसा कुठे कसा जळतोय ते रंगावरून ओळखायचं. आयुष्यभर तेच. मोतीबिंदू झाला, एका डोळ्याचं ऑपरेशन केलं ते काही नीट झालं नाही, आणि दुसऱ्या डोळ्याला तू कुणाला हात लावू देईनास. गिरणीनं घरी बसवलं. बायको नाही, मूल नाही. मी ह्यांना विचारलं, हे लगेच म्हणाले, "विचारतेस काय? घेऊन ये." आणि तू ट्रंक घेऊन आलास. गॅलरीत तुझं अंथरूण घातलं, मोरीच्या भिंतीला लागून.

आणि दादा, तू माझ्या डोक्यात गेलास. खरंच सांगते. आज तू नाहीस म्हणून गोड गोड लिहायचं, हे मला जमायचं नाही. सकाळी मी बंब पेटवायला बसले की तू मागे उभा. "बाये, वारो खालसून दी." "बाये, कोळसो इतको दाटू नको, तेका श्वास होयो." "बाये, धूर काळो इलो, आग उपाशी असा." दिसत काही नव्हतं, पण वासावरून सगळं कळायचं तुला! वीस वर्षं मी चूल पेटवते आहे, या चाळीत माझ्या हातच्या भाकरीचं नाव आहे, आणि हा आंधळा भाऊ मला आग शिकवतोय. एकदा तर समोरच्या खोलीतल्या भिडे वहिनींसमोर तू म्हणालास, "आमच्या बायक बाकी सगळा येता, आग तेवढी येणा नाय." वहिनी हसल्या. तू प्रेमानं म्हणालास, हे मला आज कळतं. तेव्हा फक्त वहिनींचं हसू ऐकू आलं. सासूबाईंचंच हसू वाटलं ते मला.

त्याच थंडीत मुंबई पेटली. गोळीबार, संचारबंदी, कोपऱ्याकोपऱ्यावर पोलीस. कोळशाची वखार चार-चार दिवस उघडेना. एरवी पौषातली मुंबईची थंडी ती काय, पण आमच्या पोरीला, शालूला, खोकला, ह्यांना दम्याचा त्रास, ऊन पाण्याशिवाय दोघांचंही चालायचं नाही. मी पोत्याच्या तळाचा चुरा गोळा करून बंबात घालत होते. आणि तू? संचारबंदी उठली रे उठली की सभेला! काठी टेकत, कुणाच्यातरी खांद्यावर हात ठेवून. मी दारात आडवी झाले होते आठवतं? "दिसत नाही, तिथे पळापळ झाली तर कुठे जाशील? काय बघायचंय तुला तिथे?" तू म्हणालास, "ऐकूक डोळे कित्याक होये?" आणि गेलास. परत आलास तो घसा बसलेला. मुंबईसह महाराष्ट्र झाल्याशिवाय राहत नाही म्हणालास. मी म्हटलं, महाराष्ट्र होईल तेव्हा होईल, उद्या आंघोळीला कोळसा नाही.

आणि दुसऱ्या दिवशी रॉकेलचा रिकामा डबा मागून आणलास.

तो डबा तू कसा फाडलास ते मी बघत होते. बोटांनी चाचपत, कात्रीनं एक-एक इंच. अंगठा कापला, तर तोंडात घालून पुन्हा कामाला लागलास. पत्रा ठोकून सपाट केलास, त्याच्या तीन फळ्या केल्यास, त्या तारेनं एकमेकींना बांधल्यास, बिजागरीसारख्या हलतील अशा. मग चिंच आणि राख घेऊन आतली बाजू घासायला बसलास. दोन दिवस घासत होतास. शालू जवळ बसून सांगायची, "मामा, इथे डाग आहे, इथे राहिलं." शेवटी असा लखलखीत झाला तो की शालूनं त्यात बघून वेणी घातली. बंबाच्या तीन बाजूंनी तो उभा केलास, अगदी चिकटून नाही, दोन बोटं अंतर ठेवून.

"बंबाची अर्धी आग भायर जाता," तू म्हणालास. "भिंत तापता, मोरी तापता. भिंतीक न्हाऊक घालून काय मिळतला? ह्यो पत्रो ती आग परत पाठयतलो. बायलराक आमी गोधडी घालताव ती कित्याक?"

मी म्हटलं, "पत्र्यानं कोळसा वाचला असता तर सगळ्या मुंबईनं पत्रे लावले असते."

"लावन बघूया," तू म्हणालास.

मग पैज. हे पंच झाले, भिडे मास्तर साक्षीदार. ते शाळेत विज्ञान शिकवायचे, त्यामुळे त्यांना फारच उत्साह. तुपाचा रिकामा डबा हे माप. रोज सकाळी एक डबा कोळसा, चौघांच्या आंघोळी, आणि शेवटी डब्यात काय उरतं ते बघायचं. पहिला आठवडा पत्र्याशिवाय, दुसरा पत्र्यासकट. पहिल्या आठवड्यात रोज डबा रिकामा झाला. दुसरा आठवडा सुरू व्हायच्या आदल्या संध्याकाळी तू पत्रा लावलास आणि मला म्हणालास, "आता बघ हां, बाये." इतका खूश होतास. गिरणी सुटल्यापासून तुझा तसा चेहरा मी पाहिला नव्हता. तुला या घरात काहीतरी करून दाखवायचं होतं. फुकट जेवतोय, असं तुला वाटू लागलं होतं. हे मला तेव्हाही कळत होतं, दादा. कळत नव्हतं असं म्हणून मी सुटणार नाही.

आता ऐक.

पहिल्या सकाळी तू उठायच्या आत मी बंब पेटवायला बसले. तो पत्रा इतका सुंदर दिसत होता! मला वाटलं, दोन दिवसांत हा काजळीनं काळा होणार. एवढी मेहनत केली बिचाऱ्यानं, हात कापून घेतला. आणि माझ्या हातानं आपोआप जे केलं ते आईनं शिकवलेलं होतं. चुलीवर पातेलं चढवायच्या आधी त्याच्या बुडाला आपण काय करतो? राख आणि माती कालवून लेप देतो, म्हणजे काजळी लेपाला धरते, भांडं खाली स्वच्छ राहतं. तेच मी केलं. राख-माती कालवली आणि तुझ्या पत्र्याला आतून सगळीकडे छान हात फिरवून लेप दिला. अगदी मायेनं दिला. देवाशपथ सांगते, मनात दुसरं काही नव्हतं.

दोन दिवस झाले. डबा रोज रिकामा होत होता. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी तू गॅलरीत मास्तरांशी बोलत बसला होतास. मी आत कणीक मळत होते. तू म्हणालास, "मास्तर, सगळो खेळ चकाकीचो असा. चकाकी असली तर पत्रो आग परत पाठयता. तेच्यार राख बसली, काजळी धरली, मगे पत्रो आणि भिंत सारकीच." मास्तर म्हणाले, बरोबर, बरोबर, परावर्तन. आणि माझे हात परातीत थांबले.

मग तू आत ओरडून विचारलंस, "बाये, पत्रो पुसतंस मा गो? माका दिसणा नाय."

मी म्हटलं, "पुसते हो."

दोनच शब्द. ते तोंडातून गेले आणि मी पुन्हा कणीक मळायला लागले. मला वाटलं, उद्या सकाळी हळूच धुऊन टाकीन. सकाळी उठले, हातात फडकं घेतलं, ओलं केलं, आणि तेवढ्यात गॅलरीतून तुझा आवाज आला, "बाये, आधी बारीक कोळसो घाल, मगे जाडो." झालं. मी फडकं खाली ठेवलं. म्हटलं, तुझी बहीण आग पेटवू शकत नाही ना? मग बघच. असंच म्हटलं मी मनात. पुढचे सगळे दिवस तो लेप तसाच राहिला. दोनदा तर वरून आणखी एक हात दिला. पहिला लेप आईचा होता, दादा. नंतरचे दोन माझे.

शेवटच्या दिवशी सगळे मोरीच्या दाराशी जमले. ह्यांनी डबा पालथा केला. एक खडा पडला नाही. उलट शालूच्या पाण्याला मी आणखी मूठभर घातला होता, तेही मी सगळ्यांसमोर सांगितलं. मास्तर म्हणाले, "दादा, कल्पना उत्तम, पण व्यवहारात बसत नाही." तू पुढे झालास आणि पत्र्याच्या बाहेरच्या बाजूला हात लावून उभा राहिलास. बराच वेळ. मग हळू म्हणालास, "भायरसून तापलोहा. तापाक नको होतो." आणि माझ्याकडे तोंड केलंस, म्हणजे मी जिथे असेन असं तुला वाटलं तिकडे, आणि म्हणालास, "तुजाच खरा, गो बाये."

मी हसले. विजयानं हसले.

दुपारी मी नळावर धुणं धूत असताना तू एकट्यानं तो पत्रा काढलास. आले तेव्हा बंब उघडा होता आणि पत्रा कुठे दिसेना. मी विचारलं नाही. आठवड्याभरानं तू म्हणालास, लालबागला गावच्या खोलीत एक जागा झालीये, तिथे आपली माणसं आहेत, तिथे जातो. मी म्हटलं, "कशाला जातोस?" एकदाच म्हटलं. मला ठाऊक आहे, दुसऱ्यांदा म्हटलं असतं तर तू थांबला असतास. माणूस दुसऱ्यांदा म्हणण्याचीच वाट बघतो. हे म्हणाले, "अगं, थांबव त्यांना." मी म्हटलं, त्यांना तिथे बरं वाटेल. ट्रंक घेऊन तू जिना उतरलास. एक-एक पायरी काठीनं ठोकत होतास, ते मला मोजता येईल इतकं ऐकू आलं.

त्यानंतर चार भाऊबिजा. दरवर्षी यायचास, स्वच्छ कपडे करून, माझ्यासाठी खोलीतल्या लोकांकडून शिवून घेतलेली काहीतरी पिशवी-बिशवी घेऊन. मी तेल लावायचे, ऊन पाणी घालायचे. या दिवाळीलाही. तू मोरीत पाटावर बसलास, पाठ किती वाळली होती तुझी, मणके मोजावेत अशी. मी तेल चोळत होते. तू हात लांब करून बंबाच्या बाजूला, जिथे पत्रा असायचा, तिथे नुसता हवेत धरलास. आग बाहेर येत होती, ती तुझ्या तळव्याला लागत असणार. मी म्हटलं आता सांगावं. आता, या क्षणी. "दादा, त्या वेळी पत्र्याला मी..." एवढं जिभेवर आलं होतं. तू म्हणालास, "पाणी बरा तापलाहा." मी म्हटलं, "अजून घालू?" आणि तांब्या ओतला तुझ्या डोक्यावर. ती शेवटची आंघोळ मी तुला घातली.

नंतर छातीत कफ झाला, ताप आला, परळच्या हॉस्पिटलात नेलं, हे सगळं मला कळलं तेव्हा तू गेलेला होतास. खोलीतली माणसं म्हणाली, बाईंना उगाच त्रास नको, असं तूच सांगत होतास. बाईंना! मी तुझी बाय रे. बाई कधी झाले?

काल मी आणि हे लालबागला गेलो, तुझी ट्रंक आणायला. त्या खोलीत मी चार वर्षांत एकदाही गेले नव्हते, हे दारात पाय ठेवताना कळलं. आपल्या गावचे तात्या म्हणून म्हातारे गृहस्थ आहेत, ते सगळं दाखवत होते. पाळीपाळीनं राहणारी माणसं, भिंतीला टांगलेल्या ट्रंका, आणि कोपऱ्यात चहाची शेगडी. शेगडीभोवती तीन फळ्यांचा पत्रा.

मी तिथेच बसले.

तात्या म्हणाले, "दादा पहाटेचा उठून सगळ्यांचो चाय करायचो. रातपाळीवरनं येणारे, दिवसपाळीक जाणारे, सगळ्यांचो. कोणाक शेगडीक हात लावूक देयत नसे. आणि चाय झालो की पत्रो पुसून ठेवायचो, रोजच्या रोज. दिसत नव्हता तरी बोटांनी बघायचो." मग म्हणाले, "तुमच्या घरी पण आसा ना ह्यो पत्रो? बंबाक? दादा सांगायचो. माझ्या बायकडे असोच आसा, ती किती वर्सां वापरता, तिनाच माका कोळसो वाचता ता दाखवल्यान."

ह्यांनी माझ्याकडे बघितलं. मी खाली बघितलं.

तू खोटं बोललास त्यांच्यापाशी. माझ्यासाठी. मी तुझ्या पत्र्याला राख फासली आणि तू अख्ख्या लालबागला सांगत राहिलास की पत्रा तुझ्या बहिणीनं सिद्ध केला. अरे, रागवायचं होतंस! चार शिव्या द्यायच्या होत्यास. गिरणीतला माणूस तू, तुला काय शिव्या येत नव्हत्या?

तात्यांनी पत्रा सोडवून माझ्या हातात दिला. मी म्हटलं, राहू दे, तुम्हाला लागेल. ते म्हणाले, "घेऊन जावा. आमी दुसरो करू. कसो करूचो ता त्यानं सगळ्यांका शिकवल्यान." मी पत्रा मांडीवर घेतला आणि आतली बाजू उघडली. आरशासारखी होती. लेपाचा मागमूस नव्हता. पण जिथे तारेनं दोन फळ्या जोडल्यात ना, त्या सांध्यात, अगदी आत, जिथे तुझं बोट पोचलं नसेल, तिथे एक राखाडी रेघ राहिली होती. मी नखानं खरवडून बघितलं. राख आणि माती.

म्हणजे तुला त्याच दुपारी कळलं होतं. पत्रा काढताना हाताला लागलं असणार. आईचा लेप तुला ओळखू येणार नाही होय? लहानपणी तिला राख चाळून तूच द्यायचास. तुला काय वाटलं असेल, याचाच विचार मी कालपासून करते आहे. तुला वाटलं असेल, बाय सवयीनं लेप देऊन बसली, तिला कुठे माहीत. बिचारी. तिला सांगून कशाला लाजवायचं. असंच वाटलं असेल तुला. तू तसाच होतास. म्हणून आज सांगते, दादा. मला माहीत होतं. तिसऱ्या संध्याकाळपासून माहीत होतं. "पुसते हो" म्हणाले तेव्हाही माहीत होतं. तुझी बहीण भोळी नव्हती, आणि तू मनात मला जी माफी देऊन टाकलीस ती भोळीला दिलेली होती. ती मला घेता येत नाही.

काल घरी आल्यावर मी ह्यांना सगळं सांगितलं. हे उठून मोरीत बंबापाशी जाऊन उभे राहिले. मग म्हणाले, "पंच म्हणून मी आतून हात लावून बघायला हवा होता." एवढंच. ते नेहमीच दुसऱ्याची चूक थोडीशी आपल्याकडे ओढून घेतात. तुम्ही दोघं सारखेच.

मुंबईसह महाराष्ट्र आता होणार, असं सगळे म्हणतायत. वाडीत मुलं आतापासून पताका करायला बसलीत. दिव्यांची रोषणाई होईल म्हणे. तू असतास तर शालूला पुढे घालून गेला असतास आणि तिला विचारत बसला असतास, कुठे दिवा, कुठल्या रंगाचा. मी दारात आडवी झाले नसते. आले असते बरोबर. हेही आता म्हणायला काय जातंय.

आज सकाळी मी पत्रा बंबाभोवती उभा केला. दोन बोटं अंतर ठेवलं. सांध्यातली ती रेघ तशीच ठेवली, ती काढणार नाही. तुपाचा तोच डबा काढला, कोळशानं काठोकाठ भरला. आधी बारीक घातला, मग जाडा. खालून वारा दिला. धूर काळा आला तेव्हा थोडं थांबले. आंघोळी मात्र तिघांच्याच होत्या, म्हणून तुझं चौथं बादलीभर पाणीही तापवलं, म्हणजे माप चुकायला नको. ते पाणी पाटावर ओतून टाकलं. मग पत्र्याला बाहेरून हात लावला. कोमट होता, हात ठेवून उभं राहता येत होतं. आणि डबा पालथा केला.

पसाभर कोळसा उरलाय, दादा. दोन्ही हातांत धरून मी इथे मोरीच्या दारात बसले आहे, हात काळे झालेत. जास्त नाही, पसाभरच. पण रोज उरला असता. पोरीच्या खोकल्याच्या त्या दिवसांत उरला असता. तू इथेच गॅलरीत असतास आणि रोज सकाळी विचारलं असतंस, किती उरला, आणि मी सांगितलं असतं.

तुजाच खरा रे, दादा. माका तेव्हाच ठाव होता.